आधी काटा, मग प्रेस

नेमबाजीविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी या वेळी निवडलेली चारही पत्रे, एकदा उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी घरी पुन्हा भरण्याच्या साहित्याविषयी आहेत. तीन पत्रे अमेरिकेतून आली आहेत. चौथे कोल्हापूरचे असून त्याचे उत्तर निराळ्या वळणाने द्यावे लागले. कोणत्या गोळीमागे किती ग्रेन (वजनाचे छोटे एकक) पावडर भरावी हे या सदरात सांगितले जाणार नाही. तो आकडा पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या चालू तक्त्यातूनच घ्यावा आणि सुरुवात तक्त्यातल्या खालच्या आकड्यापासूनच करावी.

प्रश्न : मी डॅलसजवळ राहतो आणि वर्षभरापासून क्लबच्या यूएसपीएसए (अमेरिकेतली प्रॅक्टिकल नेमबाजीची संघटना) स्पर्धांत नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाने उतरतो. सराव आणि स्पर्धा मिळून महिन्याला साधारण ६०० काडतुसे लागतात. क्लबातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात की सुरुवात सिंगल स्टेज प्रेसवरच (काडतुसे भरण्याच्या, एका वेळी एकच काम करणाऱ्या यंत्रावरच) करावी. मला थेट प्रोग्रेसिव्ह घ्यावेसे वाटते. कोणाचे ऐकावे?

उत्तर : ते सदस्य बहुधा रायफलवाले असावेत. त्यांच्या दृष्टीने सल्ला चुकीचा नाही, पण आपला हिशेब वेगळा आहे. महिन्याला ६०० म्हणजे वर्षाला ७,२०० काडतुसे. सिंगल स्टेजवर एकच पुंगळी तीन-चार वेळा दांड्याखाली आणावी लागते, त्यामुळे हात बसल्यावरही तासाला ५०-६० काडतुसांच्या पुढे सहसा जाता येत नाही. म्हणजे वर्षाचे १२० तास गॅरेजमध्ये गेले. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर सगळी स्थाने एकाच वेळी कामात असतात आणि दांडा खाली ओढला की दर वेळी एक तयार काडतूस बाहेर पडते. घाई न करता तासाला ४०० धरली तर तेच काम १८ तासांत होते. तेव्हा आपण प्रोग्रेसिव्हच घ्यावे.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. डिलन कंपनीच्या आरएल ५५० या प्रोग्रेसिव्ह प्रेसला चार स्थाने असतात आणि पुंगळ्या धरणारी खालची शेलप्लेट हाताने फिरवावी लागते. एक्सएल ७५० ला पाच स्थाने असून प्लेट आपोआप फिरते. दुकानात या दोहोंतला फरक वेगाचा म्हणून सांगितला जातो. मला तो कोणत्या प्रकारची चूक होऊ शकते याचा वाटतो. हाताने फिरवायच्या यंत्रावर लक्ष उडाले आणि प्लेट फिरवायची राहिली, तर त्याच पुंगळीत पावडरचे दुसरे माप पडते आणि अशा दुहेरी मापाने पिस्तूल फुटू शकते. आपोआप फिरणाऱ्या यंत्रावर ही चूक सरळ चालीत होत नाही. शिवाय एक स्थान जास्त असल्याने पावडर पडल्यानंतर तिची पातळी तपासणारी डाय (स्थानावर बसवायचा सुटा भाग) बसवता येते. माप कमी-जास्त पडले की ती भोंगा वाजवते किंवा दांडाच अडवून धरते. मात्र हे यंत्र मध्येच अडले आणि आपण दांडा मागे-पुढे करून ते सोडवले, तर कोणत्या पुंगळीत काय पडले याचा भरवसा उरत नाही. अशा वेळी प्लेटवरच्या सगळ्या पुंगळ्या काढून बाजूला ठेवाव्यात, त्यात कंजुषी करू नये. आपल्याला एकाच कॅलिबरची काडतुसे हवी आहेत, म्हणून मी ७५० घेईन. दर आठवड्याला कॅलिबर बदलणारा असतो, तर ५५० घेतले असते, कारण तिथे तो बदल सोपा आणि स्वस्त पडतो.

यंत्र कोणतेही घेतले तरी पहिला महिनाभर प्लेटवर एका वेळी एकच पुंगळी ठेवून चालवावे. पावडरही अशी निवडावी की एकाच मापाने पुंगळीचा अर्ध्याहून अधिक भाग भरेल, म्हणजे दुसरे माप पडलेच तर पावडर वर सांडेल आणि चूक डोळ्यांना दिसेल. प्रेसवर छोटा दिवा बसवून, गोळी ठेवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावण्याची सवय लावावी.

ही सवय मला उशिरा लागली. एकदा भरत असताना दाराची घंटा वाजली, मी उठलो आणि परत आल्यावर ‘इथवर झाले होते’ असे गृहीत धरून पुढे चालू केले. पुढच्या स्पर्धेत एक काडतूस नुसते ‘फुस्स’ झाले आणि रेंज ऑफिसर ‘स्टॉप’ म्हणून ओरडला. पुंगळीत पावडर नव्हतीच. नुसत्या प्रायमरच्या (पुंगळीच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीच्या) जोरावर गोळी नळीत दोन इंच सरकून तिथेच बसली होती. मी पुन्हा चाप ओढला असता, तर नळी फुगली किंवा फाटली असती. त्या दिवसापासून मध्येच उठावे लागले, तर प्लेट रिकामी केल्याशिवाय मी पुन्हा दांड्याला हात लावत नाही.

खरेदीचा क्रम मात्र उलटा ठेवावा. आधी वजनाचा चांगला काटा आणि त्याची तपासणी वजने, मग लांबी-व्यास मोजणारा कॅलिपर, मग केस गेज (तयार काडतुसाचा आकार तपासणारा साचा), मग वेग मोजणारा क्रोनोग्राफ आणि शेवटी प्रेस. क्रोनोग्राफ नसेल तर आपला पॉवर फॅक्टर, म्हणजे स्पर्धेत धरला जाणारा काडतुसाचा जोर, किती हे कळणारच नाही. गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले फूट-प्रति-सेकंदातला वेग, भागिले १,००० असा तो काढतात. १२४ ग्रेनची गोळी १,०५० फूट वेगाने गेली तर १३०.२ येतो, आणि मायनरची, म्हणजे कमी जोराच्या गटाची, किमान मर्यादा १२५ आहे. त्याखाली गेलात तर उरलेली स्पर्धा खेळता येते, पण गुण मिळत नाहीत. ऑगस्टच्या उन्हात १२६ दाखवणारे काडतूस जानेवारीच्या सकाळी कदाचित तेवढा आकडा दाखवणार नाही, म्हणून थोडी सवड ठेवावी.

प्रश्न : माझ्या नव्या प्रेसवर भरलेल्या नऊ मिलिमीटरच्या शंभरातली आठ-दहा काडतुसे चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) पूर्ण बसत नाहीत, स्लाइड थोडी उघडी राहते. क्रिंप (पुंगळीच्या तोंडाची गोळीभोवतीची पकड) आणखी घट्ट करू का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : अंदाजाने काहीही घट्ट करू नका. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून त्याची नळी काढा आणि त्यातले एक अडणारे काडतूस तिच्या चेंबरमध्ये टाका. चांगले काडतूस ‘टप्’ असा आवाज करून बसते, बोटाने फिरवले तर सहज फिरते आणि नळी उलटी केली की आपोआप बाहेर पडते. जे असे वागत नाही ते काळ्या मार्करने पूर्ण रंगवा, पुन्हा चेंबरमध्ये टाकून हलके फिरवा आणि बाहेर काढून रंग कुठे खरवडला गेला ते पाहा.

पुंगळीच्या तोंडाशी खरवडला असेल, तर गोळी नीट बसावी म्हणून तोंड जे थोडे फुलवतात ते पुन्हा सरळ झालेले नाही. क्रिंपची डाय अगदी थोडी, पाव फेऱ्याहूनही कमी, खाली उतरवा आणि तोंडाचा व्यास कॅलिपरने मोजा. तो ०.३८० इंचाच्या वर नको. गोळीच्या अंगावर ओरखडा असेल, तर काडतूस आपल्या नळीच्या मानाने लांब आहे. नऊ मिलिमीटरची कमाल लांबी १.१६९ इंच असली, तरी काही गोळ्यांचे टोक इतके भरदार असते की त्याच्या खूप आधीच त्या नळीतल्या आट्यांना टेकतात. लांबी कमी करायची तर पावडरचा तक्ता पुन्हा पाहावा लागतो, कारण गोळी खोल बसली की आतला दाब वाढतो. ओरखडा बुडाशी असेल, तर पुंगळी आकारात आणणारी पहिली डाय शेलप्लेटपर्यंत पुरती उतरलेली नाही, किंवा रिमला (बुडाच्या कडेला) धातूचे एखादे कुसळ आले आहे.

क्रिंप नुसता घट्ट करण्याचा धोका असा, की नऊ मिलिमीटरचे काडतूस चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवर टेकते आणि ती कडा फार आत वळली तर टेकायला जागाच राहत नाही. शिवाय तांब्याचा पातळ मुलामा दिलेली गोळी त्याने कापली जाते. गोळी पक्की बसली आहे का हे पाहायचे, तर एक तयार काडतूस लांबी मोजून टेबलाच्या कडेवर अंगठ्याने जोरात दाबा आणि पुन्हा मोजा. आकडा बदलला तर ती गोळी सैल आहे.

प्रश्न : कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय सामन्यांसाठी .३०८ रायफलची काडतुसे भरतो. एकाच मापाची वजने काट्यावर दर वेळी वेगळी येतात. त्यातच काल एक पुंगळी डायमध्ये अडकली. (ओहायो)

उत्तर : आधी काट्याकडे पाहू. तो इलेक्ट्रॉनिक असेल तर अर्धा तास आधी चालू करून ठेवा, पंखा आणि वातानुकूलनाचा झोत बंद करा आणि मोबाइल लांब ठेवा. मग तपासणी वजन पाच वेळा ठेवून काढा. आकडा हलत असेल तर दोष काट्याचा आहे, पावडरच्या मापाचा नाही. तो स्थिर असेल तर पावडर मापून टाकणाऱ्या साधनाकडे वळा. नव्या हॉपरच्या (पावडर साठवणाऱ्या वरच्या भांड्याच्या) प्लॅस्टिकला स्थिर विजेमुळे पावडर चिकटते. हॉपर अर्ध्याच्या खाली गेला की वरचा भार कमी होतो, लांब दाण्यांची पावडर कापली जाताना अडखळते आणि दांडा कधी सावकाश, कधी झटक्यात ओढला तरी माप बदलते. दहा मापे एकत्र टाकून वजन करा आणि सरासरी काढा. लांब पल्ल्याच्या सामन्यासाठी भरत असाल तर मापावर विसंबू नका, थोडे कमी टाकून उरलेले काट्यावरच चिमटीचिमटीने पूर्ण करा.

अडकलेली पुंगळी वंगण कमी पडल्याची खूण आहे, किंवा फवाऱ्याचे वंगण वापरत असाल तर ते वाळू न देता घाई केल्याची. जोर लावून दांडा ओढू नका. मी ओढला होता, तेव्हा रिम तुटून हातात आली आणि पुंगळी जागेवरच राहिली. डाय प्रेसवरून काढा, आतला दांडा जमेल तेवढा वर घ्या, पुंगळीच्या बुडाला भोक पाडून आटे पाडा आणि बोल्टने ती हळूहळू ओढून काढा. याचा तयार संच मिळतो. पुढच्या वेळी मानेच्या आतही वंगण लावा, पण खांद्यावर ते साचू देऊ नका, नाहीतर तिथे खळगे पडतात.

प्रश्न : माझा मुलगा दहा मीटर एअर रायफल खेळतो आणि पुढे पॉइंट टू-टू रायफलकडे जाणार आहे. काडतुसे महाग आहेत. घरी भरता येतील का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. पॉइंट टू-टूच्या पुंगळीत स्वतंत्र प्रायमर नसतोच. स्फोटक मिश्रण तिच्या रिमच्या पोकळ कडेत भरलेले असते आणि घोडा पडला की ती कडा चेचली जाते. ती पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, तो ५० मीटरचा प्रकार याच काडतुसांवर खेळला जातो. पुन्हा भरता येणारी काडतुसे सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी स्वतंत्र प्रायमर असलेल्या) पिस्तुलाची आणि ३०० मीटर रायफलची असतात. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवण्याला परवाना लागतो, त्यामुळे शस्त्राचा परवाना हाती आहे म्हणून घरी प्रेस मांडता येते असे समजू नये.

पैसे वाचवायचे असतील तर ते लॉट (एकत्र बनलेली खेप) निवडण्यात वाचवा. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसांचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे वागतात. रायफल पकडीत घट्ट बसवून प्रत्येक लॉटची दहा-दहा काडतुसे ५० मीटरवर उडवा, सगळ्यात लहान गट देणारा लॉट सामन्यांसाठी राखून ठेवा आणि सरावाला स्वस्त काडतुसे वापरा. एअर रायफलच्या छर्र्यांनाही हेच लागू आहे. त्यांच्या डब्यांवर ४.४९, ४.५० असे डोक्याचे व्यास छापलेले असतात आणि दहा मीटरच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो. क्लबात चार-पाच मुलांनी मिळून वेगवेगळे डबे मागवले आणि आपापल्या रायफलवर तपासून वाटून घेतले, तर एका घरावर सगळा खर्च पडत नाही.