‘परिस्थिती नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

रत्नागिरीत नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीने दोन गोष्टी विचारल्या आहेत. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर ‘सामाजिक-आर्थिक दर्जा’ छापलंय, पण मिरकरवाड्याच्या मच्छीमार वस्तीत दारोदार फिरताना ते कुणाला कळत नाही. मग ‘ऐपत’ म्हणावं की ‘परिस्थिती’? आणि अहवालात ‘आरोग्यातील तफावत’ लिहावं की ‘विषमता’?

परिस्थिती म्हणा. ऐपत तहसील कचेरीत ठीक, तिथे ऐपतीचा दाखलाच मिळतो. पण कुणाच्या पडवीत बसून ऐपत विचारली, की ते विचारणं राहत नाही, ऐपत ‘काढणं’ होतं, आणि ऐपत काढलेली कोण ऐकून घेईल? ‘दर्जा’ही नको. दर्जा मालाचा बघतात. कागदावर ‘स्तर’ लिहिलं की काम भागतं.

‘परिस्थिती’ हा शब्द मात्र आपल्या माणसांनी फार सुरेख वळवून घेतलाय. परि म्हणजे सभोवार. भोवती जे जे आहे ते सगळं. तरी दवाखान्यात कुणी नुसतं ‘परिस्थिती नाही हो’ म्हणालं, तर काय नाही ते फोडून सांगावं लागत नाही. ‘परिस्थितीमुळे शाळा सुटली’ यात पैसा येतो, बापाचं आजारपण येतं, घरात कर्तं माणूस नसणंही येतं. बी. कुप्पुस्वामींनी १९७६ साली शहरी कुटुंबांसाठी केलेली मोजपट्टी हेच आकड्यांत धरू बघते: कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि घरचं उत्पन्न, मिळून जास्तीत जास्त २९ गुण, त्यावरून पाच वर्ग.

पाच पायऱ्या आपल्या बोलण्यातही आहेत. गडगंज, सुखवस्तू, खाऊनपिऊन सुखी, बेताची, आणि हातावर पोट. यातली शेवटची मला सगळ्यांत नेमकी वाटते. ती पैसा किती हे सांगतच नाही. कधी येतो आणि कधी थांबतो, ते सांगते. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा खलाशाचा हात रिकामा. बोटी सुरू झाल्या की ताप असला तरी तो जाणार, कारण एक खाडा म्हणजे एक दिवसाची चूल. म्हणून ज्याचं पोट हातावर, तो दुखणं अंगावर काढतो. हे दोन वाक्प्रचार शेजारी ठेवून बघा. गरिबी आणि आजार यांचा सांधा त्यात दिसतो.

खेड्यांसाठी उदय पारीक यांची १९६४ ची मोजपट्टी आहे. ती जमीन आणि घरही धरते, आणि कोकणात नेमकं तिथेच फसायला होतं. माझ्या आतेचं घर राजापूर तालुक्यात. चिरेबंदी, मंगलोरी कौलांचं, पुढे खळं. सातबाऱ्यावर तिच्यासकट सत्तावीस नावं. कुणीही बघून ‘पक्के घर, स्वतःची जमीन’ असंच लिहील. पण हे चिरे जांभ्याचे, आणि जांभा आमच्या पायाखालचाच दगड. चिऱ्याच्या भिंतीवरून श्रीमंती कशी ओळखणार? घरात ती एकटी. गेल्या मे महिन्यात मी तिचा औषधांचा डबा उघडला, तर रक्तदाबाच्या गोळ्या सुरीने अर्ध्या केलेल्या. “पुरवून पुरवून खाते,” म्हणाली. साखर पुरवावी, रॉकेल पुरवावं, तशी ती गोळी पुरवत होती. फॉर्मच्या कुठल्या रकान्यात हे क्रियापद बसेल?

आता दुसरा शब्द. तफावत म्हणजे नुसता फरक. म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात, तरण्याचे नाही, ही तफावत. जो फरक माणसांच्या व्यवस्थेतून येतो आणि टाळता येण्यासारखा असतो, ती विषमता. शिवाय ती फक्त तळाशी नसते. लंडनच्या सरकारी नोकरांचा १९६७ मध्ये सुरू झालेला व्हाइटहॉल अभ्यास, ज्यामुळे आरोग्य-विषमतेचे अभ्यासक मायकेल मार्मट यांचं नाव झालं, तो हेच दाखवतो. सगळे पगारदार पुरुष, उपाशी कुणी नाही. तरी शिपाई-दरवानांतलं मृत्यूचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होतं, आणि मधले मधेच होते. यासाठी ‘दरी’ लिहू नका, दरीला दोनच काठ असतात. आपल्याकडे ‘उतरंड’ आहे. मडक्यावर मडकं, प्रत्येकावर कुणाचा तरी भार.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ साली माकडताप आला तेव्हा काजूच्या बागांत काम करणारे त्यात सापडले. माकडताप गोचिडीमुळे होतो, आणि पाचोळ्यात वाकून बी वेचतो त्यालाच ती चावते. बागेचा मालक मुंबईत असेल तर त्याला नाही चावत. तुमच्या अहवालात असं काही आलं, तर तिथे विषमताच लिहा.