मराठी माध्यमाच्या मुलाला झेपेल असं सी भाषेचं पुस्तक कोणतं?

तुम्ही विचारलंय, खानापूरच्या मराठी शाळेतून बीसीएला आलोय, सी शिकायला मला 'झेपेल असं' पुस्तक सांगा. त्या 'झेपेल'मुळे लिहायला बसलो.

मीही कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातलाच. बेळगावात कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी भर वर्गात सांगितलं, "मराठी मीडियमवाल्यांनी मोठ्या लेखकांच्या नादी लागू नका, झेपणार नाही. गाईड घ्या, पास व्हाल." खडे बाजारात जाऊन गाईड घेतलं, पाठ केलं, फर्स्ट क्लास मिळवला.

पुण्यात पहिल्याच मुलाखतीत लिनक्सच्या मशीनवर बसवलं. सवयीने प्रोग्रॅमच्या वर 'कोनिओ डॉट एच' या फाईलचं नाव लिहिलं. जीसीसी, म्हणजे तिथला कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर), म्हणाला, अशी फाईलच नाही. मग विचारलं, इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) किती बाइटचा? मी ठामपणे सांगितलं, दोन. त्यांनी तिथंच साइझऑफ (आकार सांगणारी सीमधली सोय) चालवून दाखवलं, चार. गाईड सगळं डॉस या जुन्या सिस्टिमवरच्या टर्बो सी या कंपायलरचं होतं. तिथं इंट 16 बिटांचा, म्हणजे दोन बाइटचा, त्यात 40000 मावत नाही, म्हणून 200 गुणिले 200 केलं की -25536 येतं. त्या एका कंपायलरची गोष्ट गाईडात भाषेचा नियम म्हणून छापली होती. रात्रीच्या बसने परत आलो, घरी कुणाशी बोललो नाही.

नंतर कर्निहान आणि रिची यांचं पुस्तक घेतलं, 1988 ची दुसरी आवृत्ती. रिचींनीच ही भाषा बनवली. ज्याची एवढी भीती घातली होती ते पुस्तक पावणेतीनशे पानांचंही नाही, माझं गाईड त्याहून जाड होतं! डिक्शनरी शेजारी ठेवून चार महिने लागले. पॉइंटरचं (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलचं) पाचवं प्रकरण तीनदा वाचलं. स्वाध्यायांची उत्तरं पुस्तकात नाहीत, आणि माझा हात बसला तो त्यामुळेच.

आपण घरी मराठी बोलतो, बसची पाटी कन्नडात वाचतो, जमिनीच्या उताऱ्यासाठी कन्नडात अर्ज करतो. अशा पोराला इंग्रजीतली साधी वाक्यं झेपत नाहीत, हे मला कुणी सांगू नये. सरांना तेव्हा उलटून बोललो नाही, ते आजही सलतं.

दुकानात पुस्तक घ्याल तेव्हा पहिला प्रोग्रॅम बघा. व्हॉइड मेन आणि सीएलआरएससीआर दिसलं तर ते टर्बो सीच्याच वळणाचं, खाली ठेवा. पायथन या दुसऱ्या भाषेचं असेल आणि प्रिंटपुढे कंस नसेल तर तेही जुनं, पायथन 2 चं.

हां, एक आहे. याआधी प्रोग्रॅमिंगला हातच लावला नसेल तर कर्निहान-रिचींचं हे पुस्तक सुरुवातीला भराभर पळतं. मग कॉलेजच्या नोट्स सोबत ठेवा, परीक्षेला त्या लागणारच. आणि या पुस्तकात गेट्स हे फंक्शन भेटेल, ते वापरू नका, सी भाषेच्या 2011 च्या स्टँडर्डमधून (अधिकृत नियमांमधून) काढून टाकलंय.

पाचव्या प्रकरणात अडलात तर इथंच विचारा, मराठीत लिहून देतो.