लेव्ह गेला, युरो आला. सहल महागली का?

प्रश्न : युरोपात त्यातल्या त्यात स्वस्त म्हणून बल्गेरियाची आठ दिवसांची सहल ठरवली होती. १ जानेवारी २०२६ पासून तिथे लेव्ह हे जुने चलन जाऊन युरो आला आणि आता स्वस्ताई संपली, असे सगळे सांगताहेत. बेत बदलावा का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : बेत बदलू नका, अंदाजपत्रक मात्र नव्याने मांडा. बदलाचा दर १ युरोला १.९५५८३ लेव्ह असा ठरलेला आहे आणि तो काही नवा नाही. लेव्ह १९९७ पासून जर्मन मार्कला आणि पुढे युरोला याच हिशेबाने बांधलेला होता. म्हणजे युरोपुढे रुपया घसरला की लेव्हपुढेही तेवढाच घसरायचा. २०२५ च्या सुरुवातीला ९० रुपयांच्या आसपास असलेला युरो वर्षअखेरीस शंभरीपार गेला. हजार युरोंच्या खर्चावर दहा हजारांहून जास्त फरक पडला तो इथेच, बल्गेरियाची राजधानी सोफियात एकाही दुकानदाराने पाटी बदललेली नसताना.

खरी वाढ होते ती किरकोळीत. ज्येष्ठांना १ एप्रिल १९५७ आठवत असेल: नवे पैसे आले आणि एका आण्याचे सव्वासहा पैसे झाले, मग तो पाव पैसा कुणी सोडायचा यावरून दुकानादुकानांत घासाघीस. तसेच आता ३ लेव्हच्या कॉफीचे नियमाने १.५३ युरो होतात, पण नवे मेन्यूकार्ड छापताना मालक १.६० लिहू शकतो. कॉफी, बेकरी, पार्किंग, सलून इथे डोळे उघडे ठेवा. दोन्ही चलनांत किंमत लावणे ८ ऑगस्ट २०२६ पर्यंत बंधनकारक आहे. लेव्हच्या आकड्याला १.९५५८३ ने भागा. तिसरा दशांश पाच किंवा जास्त असेल तरच वरचा सेंट (युरोचा शंभरावा भाग) धरायचा.

एक बचतही आहे. लेव्ह आपल्याकडे सहसा मिळत नसे. इथे रुपयांचे युरो, तिथे युरोचे लेव्ह, अशी दोनदा बदलाबदल व्हायची. दुसऱ्या फेरीत तीन टक्के जात होते असे धरले, तर ५०,००० रुपयांमागे दीड हजार वाचले.

स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर हॉटेलातल्या जेवणाचा मोठा खर्च टळतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खुशाल न्या. तूप-पेढे मात्र घरीच ठेवा, कारण बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. आणि शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक प्रवेश परवाना) ९० युरो (६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५) अंदाजपत्रकात वेगळे लिहा.

प्रश्न : मागच्या सहलीतले २०० लेव्ह घरात पडून आहेत. शिवाय थोडे कुना (क्रोएशियाचे जुने चलन) आहेत. वाया गेले का? (एक वाचक, नवी पेठ)

उत्तर : लेव्ह नाहीत. बल्गेरियन नॅशनल बँक ते मुदतीशिवाय, शुल्क न घेता बदलून देते. २०० लेव्हचे १०२.२६ युरो होतील. पण ते तिथेच जाऊन बदला, इथला मनी चेंजर हात लावणार नाही. कुनाच्या नोटाही क्रोएशियाच्या मध्यवर्ती बँकेत मुदतीशिवाय बदलतात (७.५३४५० कुनांना १ युरो). नाण्यांची मुदत मात्र २०२५ अखेर संपली. फेब्रुवारी २०२६ पासून लेव्ह व्यवहारात चालत नाही, तेव्हा टॅक्सीवाल्याने सुट्ट्यांत लेव्ह पुढे केले तर घेऊ नका.

प्रश्न : रोख न्यावी की कार्ड? (एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : दोन्ही. फॉरेक्स कार्डावर (परकीय चलन आगाऊ भरून नेण्याचे कार्ड) युरोच भरा. डॉलर भरले तर प्रत्येक खरेदीला डॉलरचे युरो करण्याचा आकार लागतो. साध्या क्रेडिट कार्डावर सहसा २ ते ३.५ टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँकेचा जादा आकार) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी पडतो. दुकानातले यंत्र ‘रुपयांत की युरोत?’ असे विचारते. तिथे रुपये दिसले की आपलेपणा वाटतो आणि तिथेच माणूस फसतो, कारण तो दर दुकानाच्या बाजूने लावलेला असतो. युरोच निवडा. एटीएमवरही ‘रूपांतर नको’ हा पर्याय घ्या आणि दहादा थोडे काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढा. नोटा शक्यतो ५ ते ५० युरोंच्या घ्या. शेवटच्या दिवशी नाणी कॉफीत संपवा. परत आल्यावर इथे नोटाच बदलून मिळतात.