पोटाचा त्रास मायटोकॉन्ड्रियामुळे होऊ शकतो का? हो, होऊ शकतो
ताई, तुमच्या दीड वर्षाच्या बाळाला सारख्या उलट्या, बद्धकोष्ठता, वजन वाढत नाही आणि डॉक्टर आता मायटोकॉन्ड्रियल आजाराची टेस्ट करू म्हणतायत, तर पोटाचा त्याच्याशी काय संबंध असं विचारलंय तुम्ही. माझ्या मुलीचं असंच सुरू झालं होतं, वर्षभर आम्ही रिफ्लक्सचीच, म्हणजे पोटातलं वर घशाकडे येतं त्याचीच, औषधं देत बसलो.

पेशींना लागणारी बरीचशी ऊर्जा मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्याच छोट्या छोट्या भागांत, तयार होते. आतड्याच्या भिंतीतपण स्नायू असतात, दिवसरात्र अन्न पुढे ढकलत असतात, त्यांनाच ताकद कमी पडली की दूध तासन् तास पोटात तसंच राहतं मग उलटी होते, खाली शी अडकते, पोट फुगतं. काही मुलांचं तर आतडं अडकल्यासारखं सगळं दिसतं पण अडथळा कुठेच सापडत नाही.

तरीपण उलट्या आणि बद्धकोष्ठता असलेल्या बहुतेक मुलांना हा आजार नसतोच हं. पोटासोबत अजून काही असेल तर शंका येते, म्हणजे अंग ढिलं असणं, फिट्स, पापणी खाली पडणं, ऐकायला कमी येणं, किंवा तापानंतर बाळ बसायचं ते बसेनासं होणं. आमच्याकडे पोटाचे डॉक्टर पोट बघायचे, न्यूरोवाले फिट्स बघायचे, शेवटी मी सगळं तारखेनुसार एका कागदावर लिहून नेलं तेव्हा कुठे कोणाच्या तरी लक्षात आलं. तुम्हीपण आजच लिहायला घ्या.

या टेस्टमध्ये लॅक्टेट बघतात, म्हणजे ऊर्जा नीट तयार होत नसेल तर रक्तात वाढणारा पदार्थ. त्याचं रक्त घेताना बाळ खूप रडलं किंवा हात आवळून धरला तर ते उगाच वाढलेलं येतं, आणि नॉर्मल आलं म्हणून आजार नाही असंही नसतं, बऱ्याचदा पक्कं जेनेटिक टेस्टनेच कळतं.

रिपोर्ट येईपर्यंत बाळाला जास्त वेळ उपाशी राहू देऊ नका. ताप आहे, पोटात काहीच टिकत नाहीये तर सकाळपर्यंत थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. फिट्स असतील तर व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं औषध चालेल का हे आधी विचारा, पीओएलजी नावाच्या मायटोकॉन्ड्रियाशी संबंधित जीनमध्ये दोष असेल तर त्याने लिव्हर निकामी होऊ शकतं.

आणि कोणी म्हणालं की हे आईकडूनच येतं तर ऐकून घेऊ नका. मायटोकॉन्ड्रियाचे स्वतःचे 37 जीन्स आईकडून येतात खरं, पण लहान मुलांमध्ये बऱ्याचदा दोष बाकीच्या जीन्समध्ये असतो, तो आईबाबा दोघांकडून आलेला असतो. मी दोन वर्षं स्वतःला दोष देत रडले, आमच्या रिपोर्टमध्ये दोघांचाही जीन निघाला.