घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय असं नसतं बघा

प्रश्न : डॉक्टर, आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. मिस्टर ४६ वर्षांचे, तरुणपणी तालमीत होते, बऱ्याच कुस्त्या मारल्यात, आता मेहनत सुटलीय पण खुराक काय सुटला नाही. गुळाचा टेम्पो चालवतात. घोरणं आधीपासूनच आहे, मला त्याचं काय वाटत नव्हतं, पण सहा महिने झाले मध्येच आवाज एकदम बंद होतो, पोट नुसतं वरखाली होतं, मी अंधारात मनात आकडे मोजत बसते, कधी वीस होतात कधी तीस, मग गुदमरून उठल्यासारखा मोठा श्वास घेतात आणि परत घोरणं सुरू. गेल्या महिन्यात पुण्याहून येताना कराडच्या पुढं डुलकी लागली, टेम्पो डिव्हायडरला घासला. हे म्हणतात दमलोय, सासूबाई म्हणतात पैलवान गडी घोरणारच. मला झोप नाही. काय करू?

उत्तर : ताई, अंधारात आकडे मोजलेत ते फार बरं केलंत, कारण हा आजार ज्याला असतो त्याला स्वतःला कळतच नाही, शेजारी झोपणाऱ्यालाच आधी कळतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियाचा दाट संशय येतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट मिटते. छाती-पोट जोर लावत असतं पण हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो तो तुम्ही ऐकता तो मोठा श्वास. त्यांना सकाळी यातलं काही आठवत नाही, एवढंच वाटतं की आठ तास झोपलो तरी अंग जड का.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे म्हणा. मान जाड असली की धोका जास्त, ४० सेंटिमीटरच्या वर म्हणजे साधारण १६ इंची कॉलरच्या पुढं. मेहनत सुटलेल्या पैलवानाची मान तर विचारूच नका. पण म्हणून ते चालायचंच असं नाही. अजून दोनतीन गोष्टी विचारा त्यांना : सकाळी डोकं दुखतं का, तोंड कोरडं पडतं का, रात्री लघवीला दोनतीनदा उठावं लागतं का. लघवीचं ऐकून लोक शुगर नाहीतर प्रोस्टेटच्या मागे लागतात, पण श्वास अडला की हृदयावर ताण येतो आणि लघवी वाढवणारं हार्मोन सुटतं हे कुणाच्या लक्षातच येत नाही. बीपीपण तपासा. तीन गोळ्या चालू आणि तरी बीपी खाली येत नाही अशा पेशंटला मी आधी विचारतो, घोरता का?

आज रात्री मोबाईलवर पाच मिनिटं व्हिडिओ काढा, आवाजासकट, आणि तो घेऊन छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. तुम्ही सांगितलेलं मिस्टर उडवून लावतील, स्वतःचा व्हिडिओ बघितला की गप्प बसतात, हा अनुभव आहे. पुढं स्लीप स्टडी होते, दवाखान्यात एक रात्र झोपून किंवा काही जणांची घरीच : बोटाला सेन्सर, नाकाशी नळी, छातीला पट्टा. निदान दहा सेकंद श्वास बंद पडणं किंवा फार कमी होणं, असं तासाला किती वेळा होतं ते मोजतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढं तीव्र. आता ३८ आला समजा, तर माणूस दर दीड मिनिटाला एकदा अडकतोय रात्रभर! २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी हेच कारण सांगितलं होतं, तेव्हा आठवडाभर सगळीकडे चर्चा झाली आणि मग विसरले लोक.

उपचारात मध्यम-तीव्र असेल तर सीपॅप मशीन, त्याच्या हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो, ते लावलं त्याच रात्रीपासून फरक दिसतो. वजन शंभरावरून नव्वदवर आलं तर अडकण्याचा आकडा साधारण पाव हिश्श्यानं उतरतो, पण त्याला महिने लागतात, तोवर मशीन थांबवायची नाही. वजनाच्या इंजेक्शनपैकी टिर्झेपेटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या मध्यम-तीव्र अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळालीय, म्हणून कुणीतरी सांगितलं आणि दुकानातून आणून टोचलं असं करू नका. कुशीवर झोपवा, टीशर्टला पाठीशी खिसा शिवून त्यात टेनिस बॉल घालायचा जुना उपाय काही जणांना चालतो. शनिवारची बैठक बंद, दारूनं घसा अजून सैल पडतो. झोपेच्या गोळ्या तर मनानं अजिबात नकोत.

आणि रात्रीचा टेम्पो आजपासून बंद. उपचार लागू पडेपर्यंत दुसरा ड्रायव्हर बघा, दिवसासुद्धा पेंग येत असेल तर दिवसाही नको. यात मी काही ऐकणार नाही.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, बारीक आहे, तरी घोरतो, तोंड उघडं टाकून झोपतो. वर्गात लक्ष नाही म्हणून बाईंची तक्रार. लहान मुलांना हे होतं का?

उत्तर : होतं, आणि बारीक असला तरी होतं. मुलांमध्ये बहुतेक वेळा टॉन्सिल आणि नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी वाढलेल्या असतात. मोठी माणसं पेंगतात, मुलं उलट चिडचिड करतात, एका जागी बसत नाहीत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, गरज असेल तर गाठी काढल्यावर बरीच मुलं सुधारतात. ट्यूशन लावायच्या आधी हे करा.

प्रश्न : एसटीतून रिटायर झालोय, वय ६३. सीपॅप घेऊन तीन महिने झाले, आता कपाटावर ठेवलंय. मास्कमधून हवा सुटते, मिशीमुळं असेल का? नाक कोरडं पडतं. शिवाय कार्तिकीला पंढरपूरला जातो दरवर्षी, हे धूड कुठं नेऊ?

उत्तर : काका, आधी खाली काढा ते. धूड म्हणताय, पण १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिवान यांनी हा उपचार पहिल्यांदा मांडला तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटार वापरली होती, तो आवाज आठवा.

मिशीमुळं हवा सुटू शकते, म्हणून मिशी उतरवायची नाही, नाकपुड्यांशीच बसणारा छोटा मास्क मिळतो तो दुकानदाराकडं मागून लावून बघा. मास्कचा पट्टा करकचून आवळला की उलट जास्त सुटते. कोरडेपणासाठी ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनची हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी, त्यात डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नको, क्षार साठतात. रात्री एकदम लावून घाबरायला होत असेल तर संध्याकाळी टीव्हीपुढं अर्धा तास लावून बसा, नातवंडं हसतील, हसू दे. रोज निदान चार तास तरी व्हायला हवं, खरं तर झोपाल तेवढा वेळ, दुपारीसुद्धा. आठवड्यातून दोनदा लावून 'फरक नाही' म्हणणारे माझ्याकडं रोज येतात.

पंढरपूरला न्या की. निघताना टाकीतलं पाणी ओतून टाका, नाहीतर बॅग आडवी झाली की पाणी मोटारीत जातं. धर्मशाळेत प्लग कधीच उशाशी नसतो, तेव्हा लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड सोबत असू दे.