लॉजवरची धाड आणि हेडिंगमधली ‘कॉलेज तरुणी’

तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझी मुलगी रत्नागिरीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मारुती मंदिरच्या बाजूला मैत्रिणींबरोबर कॉट बेसिसवर राहते. मध्यंतरी शहराजवळच्या एका लॉजवर धाड पडली आणि एका पोर्टलने ‘कॉलेज तरुणींचा देहविक्रीचा धंदा, हाय प्रोफाइल रॅकेट उघड’ अशी बातमी टाकली. ती आमच्या वाडीच्या ग्रुपवर आल्यापासून धाकटे दीर मागे लागलेत, पोरीला घरी आणा, काय ते कॉलेज बाहेरून करू दे. मुलगी रडून बेजार आहे. खरंच एवढ्या मुली हे करतात का? आणि त्या कॉलेजच्या आहेत हे पेपरवाल्यांना कळतं कसं? स्क्रीनशॉट सोबत पाठवते.
– एक आई, लांजा तालुका

उत्तर : वहिनी, दुसरा प्रश्न आधी घेते. कसं कळतं? बहुतेक वेळा कळत नाही.

मी जिल्ह्याच्या दैनिकात रात्रपाळीच्या डेस्कवर नोकरी केली. धाडीची बातमी येते ती पोलिसांच्या प्रेसनोटमधून, आणि प्रेसनोटचा साचा ठरलेला असतो. गोपनीय बातमीदारामार्फत खबर मिळाली, बनावट ग्राहक पाठवला, त्याच्याजवळ नंबर टिपलेल्या नोटा दिल्या, इशारा मिळताच पंचांसमक्ष छापा टाकला, मॅनेजर आणि एजंट ताब्यात, ‘दोन पीडित महिलांची सुटका’. फार तर त्या दोघींची वयं असतात. कोण किती शिकलं, कुठे शिकतं, हे माझ्या हाताखालून गेलेल्या नोटांमध्ये क्वचितच असायचं. ते काम हेडिंग लावणारा करतो. वय २१ म्हणजे कॉलेज. अंगात जीन्स म्हणजे हाय प्रोफाइल. एजंटकडे मोबाइलवर फोटो सापडले की ‘ऑनलाइन रॅकेट’. रात्री साडेअकराला पान सोडायचं असतं, आणि ‘दोन महिलांची सुटका’ या हेडिंगकडे कुणी ढुंकून पाहत नाही हे डेस्कवर सगळ्यांना ठाऊक असतं.

तुमचा स्क्रीनशॉट मोठा करून वाचला. हेडिंगमध्ये ‘कॉलेज’ आहे, खालच्या मजकुरात हा शब्द एकदाही नाही. लॉजच्या मालकाचं नाव नाही. गिऱ्हाइकांचा तर मागमूसच नाही, जणू त्या खोल्यांचं भाडं आपोआपच भरलं जात होतं. आणि फोटो पाहिलात का? पलंगाच्या कडेला पाठमोरी बसलेली बाई, लाल नेलपॉलिश, शेजारी नोटांची चवड. नोटा डॉलरच्या आहेत. रत्नागिरीच्या लॉजमध्ये डॉलर! इंटरनेटवरून उचललेलं चित्र आहे ते. ती बाई कुठल्या देशातली, कोण जाणे. पण वाडीच्या ग्रुपवर ती तुमच्या मुलीच्या खोलीतली झाली.

आता पहिला प्रश्न. कुणीच विद्यार्थी हे करत नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. जगभर काही जण करतात, आपल्याकडेही करत असतील. ब्रिटनमध्ये यावर नीट काम झालंय. तिथे १९९८ मध्ये विद्यापीठाची फी सुरू झाली ती वर्षाला १,००० पौंडांपर्यंत होती. २०१२ पासून इंग्लंडमध्ये ती ९,००० पर्यंत गेली. वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठाने विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण केलं आणि २०१५ मध्ये अहवाल दिला. उत्तर देणाऱ्यांपैकी ५ टक्क्यांच्या आसपास विद्यार्थ्यांनी कधी ना कधी या क्षेत्रात काम केल्याचं सांगितलं. त्यात फोनवर बोलणं, वेबकॅम, क्लबमधला नाच हे सगळं धरलेलं आहे. हा आकडा तिकडच्या फीचा आणि तिकडच्या कायद्यांचा आहे. तो उचलून रत्नागिरीला चिकटवू नये. पण त्याच अहवालातली एक गोष्ट दिरांना मुद्दाम सांगा : मुलींपेक्षा मुलांचं प्रमाण जास्त निघालं होतं. आता असल्या बातमीवर मुलग्याचा पाठमोरा फोटो तुम्ही कधी पाहिलाय का? मी तर नाही पाहिला.

त्या सर्वेक्षणात कारणं विचारली तेव्हा राहण्याखाण्याचा खर्च, कर्ज, हातात जरा बरे पैसे, कुतूहल, सगळंच पुढे आलं. बातमीत मात्र दोनच मुली मावतात. एक बापाच्या आजारपणापायी रडणारी, दुसरी आयफोनसाठी वाट सोडलेली. ब्रुक मॅग्नांटी नावाच्या बाई पीएच.डी. करत असताना लंडनमध्ये हे काम करत होत्या आणि नाव न सांगता त्याबद्दल लिहीत होत्या. इतकं चांगलं लिहितोय म्हणजे कुणीतरी पुरुष लेखकच असणार, असा तर्क तिथल्या पत्रकारांनी लढवला. २००९ मध्ये बाईंनी स्वतःच नाव जाहीर केलं, तेव्हा त्या शास्त्रज्ञ निघाल्या. दोन साच्यांत न बसणारं माणूस दिसलं की आमच्या धंद्याची अशी तारांबळ होते.

कायद्याचंही सांगते, कारण ग्रुपवर ‘अटक करा’ असं लिहिलेलं दिसलं. १९५६ च्या अनैतिक देहव्यापार प्रतिबंधक कायद्यात, ज्याला पोलीस पीटा म्हणतात, गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणं, दलाली करणं, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, कुणाला यात ओढणं, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने हे काम करणं हा मुळात गुन्हा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन तरुणींना सोडायला सांगितलं, तेव्हा हेच स्पष्ट म्हटलं होतं. त्यांची वयं २० ते २३.

राहिले दीर. त्यांना विचारा, बी.एस्सी. बाहेरून कशी करणार? प्रॅक्टिकल कुठे, स्वयंपाकघरात? एका डॉलरवाल्या चित्रापायी मुलीचं वर्ष घालवायचं असेल तर तसं तोंडाने म्हणा म्हणावं. माझ्या पाहण्यात अशा प्रत्येक बातमीनंतर दोनचार मुली खोल्या सोडून गावी गेल्या आहेत, आणि त्यांची बातमी कधी झाली नाही.

पोर्टलच्या संपादकाला एक पत्र लिहा, दोनच ओळींचं : ‘कॉलेज तरुणी’ हे कोणत्या कागदावरून लिहिलंत? तीच बातमी छापील पेपरात आली असेल तर आधी संपादकाला कळवून मग प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिकाबाबत ती छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत करायची असते. कौन्सिल दंड करत नाही, समज देते. आणि मुलीचं नाव किंवा फोटो कुणी त्या बातमीला जोडून फिरवत असेल तर थेट सायबर पोलीस. वकिलाची धास्ती घेऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

प्रश्न : मी एका न्यूज पोर्टलसाठी कुडाळहून बातम्या करतो. आमच्याच जिल्ह्यातली, पुण्यात शिकणारी एक मुलगी या कामाबद्दल बोलायला तयार आहे. संपादकांना चेहरा ब्लर करून व्हिडिओ हवाय. मी मजकूर लिहायला घेतलाय, पहिला परिच्छेद आणि तिला विचारायचे प्रश्न पाठवतो. कसा वाटतो?
– के. एस., कुडाळ

उत्तर : अरे, तुझा परिच्छेद मी इथे छापत नाही, आणि तूही छापू नकोस. ‘खाडीकाठच्या गावातली, वडील ट्रॉलरवर तांडेल, आई काजूच्या फॅक्टरीत, बारावीला तालुक्यात दुसरी, आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला’ अशा चालीचं तू लिहिलंयस. (यातले तपशील मी बदललेत.) मला दोन फोन लागतील तिचं घर शोधायला, आणि तिसरा फोन तिच्या चुलत्याला लागेल. मुंबईत पाच तपशील दिले तरी माणूस गर्दीत राहतो. आपल्याकडे तालुक्यात दुसरी आलेली मुलगी एकच असते. तिचा सत्कार झालेला असतो, फ्लेक्स लागलेला असतो, फ्लेक्सवर आमदार असतात.

ब्लरचं तर नावच काढू नको. ब्लर चेहऱ्याला होतो. ओढणी, कानातलं, बोटांची ठेवण, बोलण्यातला मालवणी हेल, पाठीमागची खोली, यातलं काय ब्लर करणार तू? जत्रेला एकदा पाहिलेली ओढणी आपल्या बायका दहा वर्षं विसरत नाहीत. आणि हल्ली व्हिडिओ थांबवून, उजळवून पाहणारी रिकामटेकडी पोरं प्रत्येक नाक्यावर बसलेली आहेत.

संपादकांना दाखवायला हे जवळ ठेव. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात सांगितलंय की धाड, अटक किंवा सुटकेच्या वेळी, पीडित म्हणून असो की आरोपी म्हणून, या बायकांची ओळख उघड होईल असं काही माध्यमांनी छापू वा दाखवू नये. सुटकेच्या नावाखाली गिऱ्हाइकासोबतचे फोटो दाखवणाऱ्या वाहिन्यांवर चोरून पाहण्याचं कलम लावा, असंही म्हटलंय. तेव्हाच्या दंडसंहितेत ते ३५४-सी होतं, नव्या न्याय संहितेत ७७ आहे. तुझ्याशी बोलणारी मुलगी धाडीत सापडलेली नाही, आपणहून बोलतेय, तेव्हा संपादक म्हणतील हे आपल्याला लागू नाही. म्हणू देत. पण उद्या ओळख फुटली तर त्यांचा व्हिडिओ ‘व्हायरल’ होईल, आणि गणपतीला गावी जायचं की नाही हा प्रश्न तिला पडेल.

मग लिहायचं काय? तू पाठवलेल्या प्रश्नांत अकरापैकी आठ ‘कसं वाटतं’ छापाचे आहेत. तिला पैशांचं विचार. पुण्यात खोलीचं भाडं किती, मेस किती, स्कॉलरशिप खात्यात कधी पडते आणि फी कधी भरायची असते, मधले महिने कशावर काढते. ठरलेल्या पैशातले किती तिच्या हातात येतात, बाकीचे कोण घेतं. गिऱ्हाईक पैसे न देता निघालं किंवा अंगावर आलं तर पोलीस ठाण्यात जाता येतं का, आणि गेली तर काय सांगते. सेमिस्टरला सबमिशन असतात तेव्हा काय करते. ती कंटाळवाणी उत्तरं देईल. तीच छाप. ‘काळोख्या वाटेवरची’ वगैरे शब्द काढून टाक, आणि ‘मजबुरी’ हा शब्द तिने वापरला नसेल तर तूही वापरू नकोस. तिने वापरला असेल तर मात्र तो खोडू नकोस. तिला आनंदी दाखवायची हौसही काही जणांना असते.

लिहून झालं की सगळं तिला वाचून दाखव. वाक्य काढ म्हणाली तर काढ. पत्रकारितेच्या वर्गात हे शिकवत नाहीत, उलट दाखवू नये असंच सांगतात. पुढाऱ्याच्या बाबतीत ते बरोबर आहे. तू तर पोंभुर्ल्याच्या जिल्ह्यातलाच; देवगड तालुक्यातलं हे बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. दर ६ जानेवारीला त्यांच्या ‘दर्पण’ची आठवण काढून आम्ही भाषणं ठोकतो, १८३२ पासून मराठी पत्रकारिता वगैरे. यंदा तिथे भाषण करशील तर हा विषय घे, मी पुढच्या रांगेत येऊन बसते.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. तुम्ही पूर्वीही या बातम्यांवर टीका केली आहे. पण अशा बातम्यांमुळे मुली सावध होतात, जनजागृती होते, हे तुम्हाला मान्य नाही का? आमच्या शाळेत येऊन या विषयावर बोलाल का?
– वि. गो., देवगड

उत्तर : गुरुजी, कशापासून सावध व्हायचं ते बातमीत असेल तर जागृती होईल. मुलींना ओढतो कोण, ‘पार्ट टाइम, रोजचे पैसे रोज’ असे मेसेज कुठून येतात, मोबाइलवरच्या लोन अ‍ॅपवाल्यांनी फोटोवरून धमकावलं तर कुठे जायचं, एजंट सुटून पुन्हा कुठे लॉज धरतो, खटल्याचं पुढे काय झालं, यातलं काही छापा म्हणा, मी टाळ्या वाजवीन. धाडीनंतरच्या खटल्याचा निकाल छापलेला मी मोजक्याच वेळा पाहिला. आणि मुलगी १८ च्या आतली असेल तर तिथे मर्जीचा प्रश्नच येत नाही. ते सरळ लैंगिक शोषण आहे. तिचं नाव, शाळा, घर, शेजार, काहीही उघड करायला पॉक्सोच्या कलम २३ ने बंदी आहे. ‘अमुक हायस्कूलची विद्यार्थिनी’ हेही त्यात आलं.

शाळेत येईन. एप्रिल-मे नको, तुमच्याकडे त्या वेळी आंब्यापुढे कुणाला कुणाचं ऐकायला वेळ नसतो. जुलैत बोलवा. फक्त मुलगे आणि मुली एकाच हॉलमध्ये बसवा. मुलींना वेगळ्या वर्गात नेऊन, दार लावून दिलेली व्याख्यानं मी आता घेत नाही.