आधी ते वीस तास पूर्ण कर

प्रिय मुली,

फार्म.डी.चे, म्हणजे अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायला लागणाऱ्या पदवीचे, वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होणार आणि तुझं फार्मसी टेक्निशियनचं (फार्मासिस्टच्या मदतनिसाचं) सर्टिफिकेट जूनअखेर संपणार. "काकू, चार वर्षांनी फार्मासिस्टच होणार, मग आता रिन्यू कशाला?" असं विचारलंस. अभिनंदन फोनवर झालंच आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. रिन्यू कर. हातचं आपणहून सोडायचं नाही.

तू पुण्याची बी.फार्म., मीही पुण्याचीच. पण 1 जानेवारी 2003 नंतर पदवी घेतलेल्यांना एफपीजीईईसाठी, म्हणजे परदेशी फार्मसी पदवीधरांना इथे लायसन्ससाठी द्यावी लागणाऱ्या परीक्षेसाठी, पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपली बी.फार्म. चार वर्षांची. मी त्या तारखेच्या आधीची, म्हणून परीक्षा देऊन लायसन्सपर्यंत पोहोचले. तू नंतरची, म्हणून इथे न्यू जर्सीत काउंटरमागे गोळ्या मोजत राहिलीस आणि आता पुन्हा चार वर्षं शिकणार. यात माझी हुशारी काडीची नाही, मी फक्त आधी जन्मले. ते मला अजून टोचतं. तुझी एक पदवी इथे नियमाने निकामी केली. त्याला तुझा इलाज नव्हता. हे सर्टिफिकेट मात्र तुझ्या हातात आहे.

इंटर्नचं, म्हणजे शिकाऊ फार्मासिस्टचं, लायसन्स मिळेल, माहीत आहे. त्यावर पेशंटला औषध समजावून सांगता येतं, टेक्निशियनला ते करता येत नाही. पण ते कॉलेज सुरू झाल्यावर, कागद फिरल्यावर मिळेल. मधल्या काळात काय? शिवाय इंटर्नच्या जागा मोजक्या असतात. हॉस्पिटलला शनिवार-रविवारी आयव्ही रूममध्ये (शिरेतून द्यायची औषधं तयार करतात तिथे) हात हवे असतात ते टेक्निशियनचे, आणि जाहिरातीत सर्टिफाइड हा शब्द असतो. राज्याची नोंदणी वेगळी, पीटीसीबीचं, म्हणजे टेक्निशियनची परीक्षा घेणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेचं, सर्टिफिकेट वेगळं, हेही डोक्यात पक्कं ठेव. तुझ्या स्टोअरला नेमकं काय लागतं ते फार्मासिस्ट-इन-चार्जला विचार, मैत्रिणींना नको.

आणि काम काय आहे गं? रिन्यू करायला दोन वर्षांत वीस तासांचे कोर्स. त्यात एक तास औषध कायद्याचा, एक पेशंट सेफ्टीचा. अकरा झालेत म्हणतेस, पण ते नीट तपास. कोर्सच्या नंबराच्या शेवटी 'टी' आहे का बघ. 'पी' असेल तर तो फार्मासिस्टांसाठीचा. फुकटात सापडला म्हणून रात्री जागून केलेला मधुमेहाचा तो सुंदर कोर्स त्यातलाच निघायचा! सीपीई मॉनिटरवर, म्हणजे हे तास जिथे ऑनलाइन नोंदले जातात तिथे, सगळे दिसतायत का तेही बघ. जन्मतारीख किंवा प्रोफाइलचा नंबर चुकला तर तास तिथे पोहोचतच नाहीत. कोर्स देणाऱ्या संस्थेला नोंद करायला 60 दिवसांची मुदत असते, ती उलटली की ईमेल करत बसावं लागतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात हे करायला घेतलंस तर माझ्याकडे रडत येऊ नकोस.

तुझे काका माझी चेष्टा करतात. मुलुंडच्या फार्मसी कौन्सिलकडची माझी नोंदणी मी वर्षानुवर्षं जिवंत ठेवलीय. दर वेळी पैसे भरते, भावाला पळवते. उपयोग? शून्य. एकदाही लागली नाही. मान्य! पण ती गेली असती तर परत उभी करायला कोण धावलं असतं? माणसं म्हणतात हिचा जीव कागदात अडकलाय. अडकू दे. ज्यांना एका तारखेने बाद केलेलं नाही, त्यांना कागदाची किंमत काय कळणार!

सर्टिफिकेट संपून फार दिवस गेले तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. फार्माकोकायनेटिक्सच्या मिडटर्मच्या आठवड्यात टेक्निशियनची परीक्षा देत बसशील का? दोन वर्षांनी, इंटर्न म्हणून पक्की बसल्यावर, हवं तर पुन्हा विचार कर. तेव्हाही मी हेच सांगेन, पण तेव्हा ऐकलं नाहीस तरी चालेल. आता ऐक.

उरलेले नऊ तास मेमध्ये संपव. कायद्याचा आधी कर, तो सगळ्यात कंटाळवाणा असतो. फीसाठी अडलं असेल तर सांग, लाजू नकोस.

तुझी,
काकू